माया लोकांचे शरीर : घडवलेले, वाहिलेले आणि हिसकावलेले



परवा दवाखान्यात दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन त्याची आई आणि आजी आल्या होत्या. लस दिल्यानंतरचा साधा ताप होता. तपासून झाले, औषध लिहून झाले, तरी दोघी उठेनात. शेवटी आईने पिशवीतून एक छोटी पिवळी उशी काढून टेबलावर ठेवली. मोहरीची उशी.

"डॉक्टर, तुम्हीच सांगा आता आईंना. ही वापरायची की नाही?"

आजी लगेच म्हणाल्या, "अहो, याचा बाप याच उशीवर वाढला. डोकं बघा त्याचं, कसं गोल गरगरीत आहे! उशी नाही दिली तर पोराचं डोकं मागून चपटं होईल. मग लोक आम्हालाच नावं ठेवतील."

मी काय उत्तर दिले ते शेवटी सांगतो. त्याआधी तुम्हाला पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, तेराशे वर्षे मागे घेऊन जायचे आहे. तिथेही बाळांची डोकी घडवणाऱ्या आज्या होत्या. वाचनाची आवड म्हणून काही वर्षांपूर्वी मी माया लोकांविषयी वाचायला लागलो. आपण शरीराकडे कसे पाहतो आणि दुसऱ्याच्या शरीराला हात लावण्याचा अधिकार कोणाला असतो, हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न मला त्या वाचनात सतत भेटत राहिला.

माया लोक कोण?

आजच्या मेक्सिकोचा दक्षिण भाग, ग्वाटेमाला, बेलिझ आणि होंडुरास–एल साल्वाडोरचा पश्चिम भाग हा माया लोकांचा प्रदेश. इ. स. २५० ते ९०० हा त्यांचा अभिजात काळ समजला जातो. हत्यारांसाठी धातू नाही, ओझे ओढायला बैल-घोडे नाहीत. तरीही त्यांनी चुनखडीच्या दगडांचे उंच पिरॅमिड बांधले, स्वतःची लिपी घडवली, शून्य वापरले आणि ग्रहताऱ्यांचे बारीक हिशेब ठेवले.

एक गैरसमज आधी दूर करू या. माया लोक 'नाहीसे' झालेले नाहीत. त्यांची जुनी नगरे ओस पडली, माणसे राहिली. आजही त्यांचे लाखो वंशज त्याच भागात राहतात आणि तीसच्या आसपास माया भाषा बोलतात. म्हणून पुढचे वाचताना ही कोणाच्या तरी खापरपणज्यांची गोष्ट आहे, एवढे लक्षात असू द्या.

लिपीत उतरलेले शरीर

माया लिपी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला शरीररचनेचे पुस्तक उघडल्यासारखे वाटले. हात, डोळे, चेहरे, कवट्या, जबडे! एका चिन्हात हातातून थेंब पडताना दिसतात. त्याचा अर्थ 'शिंपडणे'. राजा पूजेत धूप किंवा रक्त अर्पण करतो, तिथे हे चिन्ह येते. अंगठा आणि तर्जनी जुळवलेला हात हे 'ची' अक्षर.

आकडेही शरीरातून आलेले. हातापायांची मिळून बोटे वीस, म्हणून त्यांची मोजणी विसांची. ग्वाटेमालातल्या किचे भाषेत वीसला जो शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'एक माणूस' असा होतो. आपल्याकडे खेड्यातल्या जुन्या आजी वय सांगताना "तीन इसा झाल्या" म्हणतात, ते आठवते ना?

माया शिलालेखांत आकडे कधी कधी चेहऱ्यांनी लिहिलेले असतात. दहाचा चेहरा म्हणजे कवटी. १४ ते १९ लिहायचे असेल तर ४ ते ९ चेच चेहरे घ्यायचे आणि त्यांचा खालचा जबडा मांस नसलेला, नुसता हाडाचा काढायचा. हाडाचा जबडा दिसला की दहा मिळवायचे. शून्याच्या चेहऱ्यात खालच्या जबड्यावर आडवा हात असतो.

त्यांचा 'बाह' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. डोके, चेहरा, प्रतिमा आणि 'तो स्वतः' हे सगळे अर्थ त्या एका शब्दात आहेत. राजाच्या शिल्पाशेजारी 'हे त्याचे बाह' असे कोरलेले असते. म्हणजे दगडातला चेहरा हे त्या माणसाचेच एक रूप होते. स्टीफन ह्यूस्टन, डेव्हिड स्टुअर्ट आणि कार्ल टाउबे या तीन अभ्यासकांनी २००६ साली माया लोकांच्या शरीरकल्पनेवर एक मोठा ग्रंथच लिहिला आहे.

आपल्या भाषेतही हे थोडेफार आहेच. आपले नाक कापले जाते तेव्हा रक्त येत नाही, पण दुखते खूप. चेहरा म्हणजे माणूस हे एकदा मान्य केले, की त्या चेहऱ्याला आकार देणे, तो सजवणे किंवा तो तोडणे या साध्या गोष्टी राहत नाहीत.

आता या शरीराचे काय काय केले जाई ते तीन भागांत पाहू.

पहिला भाग : घडवलेले शरीर

जन्मतः बाळाच्या कवटीची हाडे एकमेकांना पक्की जोडलेली नसतात. त्यांच्यामधल्या शिवणी सैल असतात आणि वर टाळूची मऊ जागा असते. त्यामुळे जन्माच्या वेळी डोके थोडे दाबले जाऊन बाहेर येऊ शकते आणि नंतर मेंदूला वाढायला वाव मिळतो. पहिल्या वर्षात मेंदू साधारण दुप्पट होतो. मागची टाळू दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची साधारण एक ते दीड वर्षात.

माया आयांना आणि सुईणींना ही खिडकी नेमकी ठाऊक होती. सोळाव्या शतकात युकातानमध्ये राहिलेला स्पॅनिश धर्मगुरू दिएगो दे लांदा याने लिहून ठेवले आहे, की जन्मानंतर चार-पाच दिवसांनी बाळाला काठ्यांच्या छोट्या खाटेवर ठेवत आणि एक फळी कपाळावर, एक डोक्याच्या मागे अशी बांधून ठेवत. कपाळ मागे कलायचे, डोके वरच्या बाजूला निमुळते व्हायचे. पालेंके नगरीचा राजा पाकाल (इ. स. ६०३ ते ६८३) याच्या दगडी शवपेटीखाली चुन्याच्या गिलाव्यात घडवलेले डोके सापडले. त्यात नाकाच्या टोकापासून कपाळापर्यंत एकच सलग उतार दिसतो.

हे फक्त राजांचे लाड नव्हते. उत्खननात मिळालेल्या अभिजात काळातल्या बहुसंख्य कवट्या अशा घडवलेल्या आहेत, अगदी सामान्य घरांतल्यासुद्धा. कवट्यांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या वेरा टिसलर सांगतात, की हा घरातल्या बायकांच्या हातचा संस्कार होता. नवजात बाळ अजून कच्चे, उघडे असते. त्याचे डोके बांधून घट्ट करणे म्हणजे त्याचे रक्षण करणे आणि त्याला पूर्ण माणूस करणे. काही अभ्यासकांना त्या निमुळत्या डोक्यात मक्याचे कणीस दिसते. ते पटण्यासारखे आहे, कारण 'पोपोल वुह' या किचे लोकांच्या ग्रंथात माणूस घडतो तो मक्यापासून. मातीचा माणूस विरघळतो, लाकडाच्या माणसाला मन नसते. शेवटी श्मुकाने ही आदिम आजी पिवळा आणि पांढरा मका दळते आणि त्या पिठातून माणसाचे मांस तयार होते. तिथेही घडवणारी आजीच!

यामुळे बुद्धी कमी होत होती का? मोजमापांवरून असे दिसते, की आकार बदलला तरी कवटीच्या आतली जागा साधारण तेवढीच राहते. एका दिशेला दाबलेला मेंदू दुसऱ्या दिशेला वाढतो. ज्यांनी शून्य वापरले आणि शुक्राच्या फेऱ्या मोजल्या, त्यांच्यापैकी बहुतेकांची डोकी फळ्यांत बांधलेली होती! पण म्हणून हे अगदी निरुपद्रवी होते असेही नाही. कानामागे जखम होऊन भोक पडलेले एक मूल स्वतः पाहिल्याचे लांदा सांगतो. सतत दाबाने कातडी मरते, जखम चिघळते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पाठ ज्यांनी घरी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

लांदा डोळ्यांबद्दलही लिहितो. तिरळे डोळे सुंदर मानले जात, म्हणून आया बाळाच्या केसांना दोन भुवयांच्या मध्ये लोंबेल अशी काहीतरी वस्तू चिकटवत. ती हलली की बाळाची नजर नाकाकडे वळे. माया सूर्यदेवही तिरळाच दाखवलेला असतो. (इथे डॉक्टर म्हणून एक वाक्य : आजच्या बाळाचा डोळा तिरळा वाटत असेल, तर "मोठं झालं की जाईल" म्हणून थांबू नका. लहानपणी उपचार झाले नाहीत तर त्या डोळ्याची नजर कायमची मंद राहू शकते.)

आणि शरीर 'वेगळे' असणे ही लपवायची गोष्ट नव्हती. पाकालचा मुलगा कान बालाम याच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काही शिल्पांत हातापायांना सहा बोटे दाखवली आहेत. राजघराण्याने ती मंदिराच्या खांबावर सगळ्यांना दिसतील अशी कोरली. माझ्याकडे सहाव्या बोटाचे मूल घेऊन येणारे आईवडील अजूनही त्याचा हात फडक्यात झाकून आणतात.

दातांची गोष्ट तर माझ्या दंतवैद्य मित्राला सांगितली तेव्हा त्याने हातातला चहा खाली ठेवला. मोठ्या माणसांच्या पुढच्या दातांना समोरून गोल खड्डा पाडून त्यात हिरवा जेड किंवा चकाकणारा पायराइट बसवत. धातूचे ड्रिल नव्हते. पोकळ नळी, गारगोटीची पूड आणि पाणी घेऊन फिरवत राहायचे. दाताचे वरचे कठीण कवच फुटले पाहिजे, पण आतल्या नसेपर्यंत पोचता कामा नये. बहुतेकदा ते साधलेले दिसते. काही दातांच्या मुळाशी मात्र गळवाच्या खुणा आहेत, म्हणजे हात थोडा खोल गेला. खडा बसवायला झाडांच्या चिकापासून केलेले चिकट मिश्रण वापरत. आज हजार-बाराशे वर्षांनीही कित्येक खडे जागचे हललेले नाहीत. आपली सिमेंटे किती वर्षे टिकतात, ते तुम्हाला माहीत आहेच.

'पोपोल वुह'मध्ये दातांवर एक सुरेख कथा आहे. वुकुब काकिश हा गर्विष्ठ पक्षी रत्नजडित दातांच्या आणि डोळ्यांच्या जोरावर स्वतःला सूर्य म्हणवतो. हुनाहपू आणि श्बालांके हे जुळे भाऊ फुंकनळीने त्याच्या जबड्यावर नेम धरतात. चिडलेला काकिश हुनाहपूचा हात खांद्यापासून उपटून घरी नेतो. पण दातदुखीने तो बेजार झालेला असतो. मग एक म्हातारा-म्हातारी वैद्य बनून त्याच्याकडे जातात. आम्ही दातातला किडा काढतो, डोळे बरे करतो, हाडे बसवतो, असे सांगतात. त्याचे रत्नांचे दात उपटून जागी पांढऱ्या मक्याचे दाणे बसवतात. दात गेले तसे तेज गेले, आणि तो मेला. उपटलेला हात परत मिळतो आणि जिथल्या तिथे जोडला जातो.

दातातला किडा! आपणही 'दाताला कीड लागली' असेच म्हणतो. प्रत्यक्षात किडा नसतो. साखरेवर जगणारे जंतू आम्ल तयार करतात आणि ते दात पोखरते. पण ठणकणाऱ्या दाताच्या आत काहीतरी जिवंत वळवळते आहे, ही जाणीव जगभर सारखीच.

दुसरा भाग : वाहिलेले शरीर

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये याश्चिलान या माया नगरीतली एक शिळा आहे. आपल्याकडे दारावर जिथे गणेशपट्टी असते, तिथे बसवलेली आडवी शिळा. तिच्यावर इ. स. ७०९ मधला एक प्रसंग कोरलेला आहे. राजा इत्सामनाह बालाम पेटती मशाल धरून उभा आहे. समोर राणी काबाल शोक गुडघ्यांवर बसली आहे. तिने जिभेला भोक पाडले आहे आणि त्यातून काटे गुंफलेली दोरी ओढते आहे. दोरी खाली टोपलीत उतरते. टोपलीत रक्त टिपलेले सालीचे कागद आहेत. तिच्या ओठांभोवती रक्ताची नक्षी आहे. चेहरा मात्र शांत.

पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या जिभेवर काटा आला. मग डॉक्टर जागा झाला. जिभेच्या बरोबर मधोमध तंतूंचा एक पडदा असतो, तिथे मोठ्या रक्तवाहिन्या नसतात. मोठ्या धमन्या दोन्ही बाजूंना, खालच्या अंगाने जातात. मध्यरेषेत भोक पाडले तर दुखते भरपूर, पण रक्तस्राव आटोक्यात राहतो. शिवाय जिभेला रक्तपुरवठा इतका चांगला असतो, की तिची जखम फार लवकर भरते. (म्हणून घरी प्रयोग करू नका. जीभ सुजली तर श्वास अडकू शकतो.)

पुरुष बहुधा लिंगाला टोचून रक्त काढत. ग्वाटेमालातल्या सान बार्तोलो इथे २००१ साली सापडलेल्या, इ. स. पूर्व १०० च्या सुमाराच्या भित्तिचित्रांत तरुण देवरूपे झाडांसमोर उभी राहून हेच करताना दिसतात. त्यासाठी ज्वालामुखीच्या काळ्या काचेची, म्हणजे ऑब्सिडियनची, पाती वापरत किंवा पाकट माशाच्या शेपटीचा काटा. कोकणातल्या वाचकांना पाकटाचा काटा काय असतो ते सांगायला नको. कागदावर टिपलेले रक्त कोपल नावाच्या धुपाबरोबर जाळत. धूर वर गेला की अर्पण पोचले.

हे कशासाठी? देवांनी माणसाला घडवले, मका दिला, पाऊस दिला. ते ऋण फेडायचे तर आपल्याजवळ खरोखर आपले असे काय आहे? शरीर. आणि राजा-राणीने ते सगळ्यांच्या वतीने द्यायचे. या कल्पनेनुसार राजेपण म्हणजे दुखणे सोसण्याचीही जबाबदारी होती. सत्तेवरच्या माणसाने आधी स्वतःचे रक्त द्यायचे, ही कल्पना ऐकायला बरी वाटते.

पण त्या शिळेकडे पुन्हा एकदा नीट पाहा. राजाच्या कपाळावर काहीतरी बांधले आहे. ते एक छोटे, आटवलेले मानवी डोके आहे. पूर्वी बळी दिलेल्या कोणा माणसाचे.

एकाच दगडात स्वतःहून दिलेले रक्त आहे आणि दुसऱ्याचे हिसकावलेले डोकेही आहे.

तिसरा भाग : हिसकावलेले शरीर

मेक्सिकोतल्या बोनाम्पाकच्या भित्तिचित्रांत, इ. स. ७९० च्या सुमाराच्या, एक पायऱ्यांचा देखावा आहे. वर नटलेला राजा आणि सरदार. खाली उघडे, खचलेले युद्धकैदी. त्यांच्या बोटांच्या टोकांतून रक्त ठिबकते आहे. एक कैदी पायऱ्यांवर मरून पडला आहे. जवळच एक कापलेले मुंडके. काही अभ्यासकांच्या मते हरलेल्या राजाच्या लेखनिकांची बोटे मुद्दाम मोडली जात, म्हणजे आपल्या राजाची कीर्ती त्यांना पुन्हा लिहिता येऊ नये. बोटांच्या टोकांना मज्जातंतू किती दाट असतात, हे ज्याचे बोट दारात चेमटले आहे त्याला विचारा. दुखवणाऱ्याला हे बरोबर ठाऊक होते. शरीराचे तेच ज्ञान, ज्याने दाताची नस वाचवली, इथे उलटे वापरले गेले.

बेलिझमधल्या काराकोल इथे तोंडाला तोंड लावून पुरलेल्या लहान वाडग्यांत माणसांच्या बोटांची हाडे मिळाली. चिचेन इत्सा इथल्या एका चौथऱ्यावर दगडात कवट्यांच्या रांगाच रांगा कोरल्या आहेत.

चिचेन इत्साच्याच पवित्र विहिरीजवळ १९६७ साली एक भूमिगत टाके सापडले. त्यात शंभराहून अधिक लहान मुलांची हाडे होती. २०२४ मध्ये त्यांपैकी ६४ मुलांच्या डीएनए तपासणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. सगळे मुलगे. बहुतेक तीन ते सहा वर्षांचे. त्यांत एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या. कित्येक एकमेकांचे जवळचे नातलग. 'पोपोल वुह'मधले ते जुळे वीर आठवले, की या मुलांची निवड कशी झाली असेल याचा अंदाज येतो. पण मी वर्षानुवर्षे त्या वयाच्या मुलांच्या पोटावर हात ठेवून "दुखतं का रे?" विचारत आलो आहे. तो अहवाल वाचून मी पुस्तक मिटले आणि दोन दिवस उघडले नाही.

आता तुम्ही म्हणाल, किती रानटी लोक! थांबा. ज्या लांदाच्या लिखाणातून आपल्याला फळ्या आणि तिरळे डोळे कळले, त्यानेच १२ जुलै १५६२ रोजी मानी या गावी माया ग्रंथांची होळी केली. मूर्तिपूजा सोडत नाहीत म्हणून त्याच्या चौकशीत हजारो माया स्त्रीपुरुषांचा छळ झाला. मनगटांना दोरी बांधून टांगणे, पायांना दगड बांधणे. यात माणसे मेली. हे करणारेही त्यांचे आत्मे वाचवत होते, अशी त्यांची श्रद्धा होती.

म्हणजे दुसऱ्याचे शरीर हिसकावणे ही कोणा एका लोकांची खासियत नाही. 'हे तुझ्या भल्यासाठी आहे' किंवा 'हे देवाला हवे आहे' असे एकदा ठरवले, की चांगल्या घरातल्या माणसांचा हातही थरथरत नाही.

मग आपण यातून काय घ्यायचे?

राणीची जीभ, बाळाचे डोके, कैद्याची बोटे. तिन्ही ठिकाणी वेदना आहे. फरक आहे तो हत्यार कोणाच्या हातात होते आणि शरीर कोणाचे होते यात. राणीच्या बाबतीतही मला पूर्ण खात्री वाटत नाही. सगळी नगरी वाट पाहत असताना ती 'नाही' म्हणू शकली असती का? आमच्याकडेही कित्येकदा संमतीपत्रावर सही असते, पण ती घेताना नातेवाइकांचा घोळका रुग्णाभोवती उभा असतो. म्हणून शक्य असेल तेव्हा मी रुग्णाला दोन मिनिटे एकटे भेटतो आणि विचारतो, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

आणि बाळाच्या डोक्याचे काय? ते ना वाहिलेले, ना हिसकावलेले. बांधणारा हात प्रेमाचा होता. पण बाळाला कोणी विचारले नव्हते, विचारता येतही नव्हते. जिथे विचारता येत नाही, तिथे जबाबदारी वाढते. तिथे एकच कसोटी लावता येते : यात बाळाचा फायदा किती आणि धोका किती?

एक कबुली देतो. दवाखाना नवा होता तेव्हा अशाच एका आजींना मी भरल्या खोलीत सुनावले होते, "हा अडाणीपणा बंद करा." आजी काही बोलल्या नाहीत. उशी पदराखाली घेतली आणि गेल्या. ते कुटुंब पुन्हा माझ्याकडे आले नाही. माझे वैद्यकशास्त्र बरोबर होते. पण त्या उशीत एका बाईने मोहरी निवडून, उन्हात वाळवून, जुन्या मऊ कापडात शिवून भरलेली माया होती, ती मला दिसली नाही. फळ्या बांधणाऱ्या त्या दूरच्या आज्यांविषयी वाचताना मला या आजी आठवल्या, आणि थोडी लाज वाटली.

म्हणून परवा मी आधी उशी हातात घेऊन पाहिली. "आजी, शिवण सुरेख घातलीय हो," म्हणालो. मग सांगितले :

• एक वर्षाच्या आतल्या बाळाला कोणतीच उशी नको, मोहरीचीही नाही. झोपेत उशी किंवा मऊ कापड तोंडावर आले तर श्वास कोंडू शकतो.

• बाळाला पाठीवरच, घट्ट आणि सपाट गादीवर झोपवायचे. डोक्याची एकच बाजू सतत टेकू नये म्हणून कधी डोके या टोकाला, कधी त्या टोकाला ठेवायचे.

• बाळ जागे असताना, कोणीतरी समोर बसून, दिवसातून काही वेळ पोटावर पालथे ठेवायचे. याने मानेत बळ येते आणि डोक्याच्या मागच्या भागावरचा दाब कमी होतो.

• झोपून झोपून आलेला थोडा चपटेपणा बहुतेक बाळांत बसायला-रांगायला लागल्यावर कमी होत जातो.

• डोके, नाक दाबून 'आकार' द्यायचा नाही. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पण टाळूवर जोर नको.

• डोके खूप वाकडे वाटले, मान एकाच बाजूला वळत असेल, टाळू फुगलेली किंवा खूप खोल गेलेली दिसली किंवा डोक्याचा घेर नीट वाढत नसेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवायचे.

आजींनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "मग दिवसा पालथं घालून समोर मी बसले तर चालेल?"

"तुम्हीच बसा," मी म्हणालो. "तुमच्याकडे बघायला तो मान वर करेल."

सुनेने उशी पिशवीत टाकली. आजींनी ती परत काढून घेतली. म्हणाल्या, "राहू दे. माझ्याच मानेखाली घेईन."

काही शंका असतील तर जरूर विचारा. काळजी घ्या.